स्क्रूवरचं पीठ

काका : …तू नुसता तोंडाने मिस्त्री आहेस, लेका! महिन्यात ही चौथी खेप. खाली बघ, फटफटीखाली पुन्हा पेट्रोलचं तळं.

मिस्त्री : काका, जरा सरका. उजेड येऊ द्या.

काका : उजेड तुझ्या डोक्यात पडायला हवा. आधी म्हणालास पाईप चिरलाय, पाईप बदलला. मग म्हणालास कॉकचा वायसर गेलाय, तोही बदलला. मग कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग. आता काय, गाडीचा मालक बदलतोस?

मिस्त्री : तो बदलायची सोय असती तर पहिल्याच दिवशी बदलला असता.

काकू : चहा ठेवू का रे तुला?

काका : कसला चहा? गाडी दुरुस्त करायला बोलावलंय, पाहुणचाराला नाही. न्हाव्याला सांगितलंय मी, दूधवाल्याला सांगितलंय, ह्याच्या हाताला गुण नाही म्हणून.

मिस्त्री : कळलं मला. काल एक गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून माघारी गेलं. तीस वर्षं हे काम करतोय काका, असं कधी झालं नव्हतं.

काका : मग गळती शोध. रविवारच्या आत. दोस्ताकडे जायचंय मला, ऐंशी किलोमीटर. त्याचे पाय गेलेत, त्याला इकडे येता येत नाही.

काकू : बसने जा की.

काका : बसने! चाळीस वर्षं ह्या गाडीवरून त्याच्या दारात हॉर्न वाजवलाय. बसमधून उतरून काय शिट्टी मारू?

मिस्त्री : काका, आतून एखादं जुनं फडकं आणा बघू. मऊ, सुती.

काका : बनियनच फाडून आणतो. अंगावरची कातडी तेवढी तुला द्यायची राहिलीय.

(काका आत जातात.)

मिस्त्री : काकू, इकडे या. वाटीच्या बुडाशी हा स्क्रू दिसतो? हा सैल केला की सगळं पेट्रोल खाली.

काकू : मग आवळ.

मिस्त्री : मागच्या तिन्ही वेळी मी माझ्या हाताने आवळलाय. आणि ह्याच्या खाचेत काय अडकलंय, बघा. पीठ.

काकू : वाऱ्याने उडालं असेल.

मिस्त्री : आणि स्क्रूही वाऱ्यानेच फिरला?

काकू : …सुरीने फिरवला. हे आंघोळीला गेले की तेवढाच वेळ मिळतो, पीठ मळता मळता तशीच उठते. आधी कॉक उघडायचा, मग स्क्रू. ह्यांना समजावत होतास ना तू, तेव्हा ऐकलं.

मिस्त्री : अहो, काय म्हणावं तुम्हाला! भिंतीपलीकडे शेगडी पेटलेली, इथे पेट्रोल! भडका उडाला असता म्हणजे?

काकू : शेगडी बंद करून येते मी. एवढी काही वेंधळी नाही.

मिस्त्री : आणि माझी अब्रू वेशीला टांगलीत, त्याचं काय?

काकू : तुझी अब्रू पुन्हा आवळता येईल रे. ह्यांचं डोकं फुटलं तर कशाने आवळू? गेल्या महिन्यात घरी आले तर डाव्या बाजूचा आरसाच गायब. कुठाय विचारलं, तर म्हणे आत्ता होता की! डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेल्यात जमा आहे. हे म्हणतात, डॉक्टरच तिरळा.

मिस्त्री : मग सरळ सांगा, चालवू नका म्हणून.

काकू : सांगितलं. दोन दिवस जेवले नाहीत. फार भीती वाटते रे मला. गाडी फाटकाबाहेर पडली की ती परत येईपर्यंत जिवात जीव नसतो. तू एवढं खोटं बोल. सांग, पार्ट मिळत नाही.

मिस्त्री : म्हणजे मी कायमचा नालायक?

काकू : हवं तर पाया पडते तुझ्या.

मिस्त्री : अहो, उठा, उठा! आले काका.

काका : हे घे फडकं. सापडलं काही?

मिस्त्री : सापडलं. म्हणजे, एक पार्ट लागेल. तो हल्ली बनत नाही.

काका : कुठला?

मिस्त्री : तो… आतला.

काका : तुझ्या बापाला खोटं बोलता येत नव्हतं, तुलाही येत नाही. घराण्याचाच दोष. हा धर, पार्ट मीच आणलाय.

मिस्त्री : हा तर स्क्रू-ड्रायव्हर आहे.

काका : महिनाभर चमच्यांच्या डब्यात ठेवला होता. म्हटलं, पडेल हिच्या नजरेला. पण बाईसाहेबांना सुरीच प्यारी. खाच पार झिजवलीस की गं स्क्रूची.

काकू : अगंबाई! तुम्हाला माहीत होतं?

काका : डोळा गेलाय, नाक शाबूत आहे. त्या सुरीने चिरलेला कांदा एकदा खाऊन बघ.

काकू : मग बोलला का नाहीत?

काका : काय बोलू? गाडी गळते, असं चारचौघांत म्हणता येतं. मला दिसत नाही, असं कसं म्हणू? आरसा गेला त्या दिवशी रस्त्याच्या कडेला अर्धा तास बसून होतो. भ्यालो होतो गं मी.

मिस्त्री : आणि माझ्या नावाने शंख केलात तो?

काका : चुकलंच. उद्या जातो न्हाव्याकडे, दूधवाल्याकडेही जातो. सांगतो, मिस्त्री सोन्यासारखा आहे, चोर घरातच होता.

काकू : खबरदार!

मिस्त्री : मग आवळू का हा? एकदाचा?

काका : आवळ. आणि रविवारी दुकान बंद असतं ना तुझं? चालवशील? हॉर्न मात्र मी वाजवणार.

मिस्त्री : मागे बसून मला शिकवणार असाल तर नाही.

काकू : तोंडाला पट्टी बांधून पाठवते मी.

काका : अगं…

काकू : आता काय?

काका : मागे बसल्यावर धरायचं कुठे असतं?

काकू : खांद्याला. पण घट्ट धरू नका, चालवणारा खेकसतो.