विहिरीकडची पाखाडी

(भागोजींची पडवी. सून अक्षया रत्नागिरीच्या प्रयोगशाळेतून नुकतीच घरी आली आहे. सासू यमुनाबाई तांदूळ निवडत बसल्या आहेत.)

अक्षया : नाही बाबा. हे ठोकळे सुरक्षित आहेत असं मी लिहून देणार नाही.

भागोजी : दोन महिने ठोकळा पाण्यात बुडवून ठेवलास. विरघळला काय?

अक्षया : नाही. कोपरासुद्धा झिजला नाही.

भागोजी : मग! जांभ्याहून घट्ट. उद्या सकाळी कारखान्याचा ट्रक येतोय, तोही फुकट. विहिरीपर्यंतची पाखाडी, सगळ्या पायऱ्यांसकट, दोन दिवसांत उभी राहील. आणि आडवी कोण, तर माझीच सून!

अक्षया : ठोकळा घट्टच आहे. पण कारखान्याचा गाळ सिमेंटात कालवून केलाय तो, आणि त्या गाळात क्रोमियम आहे. विषच. मी ठरल्या दिवशी डब्यातलं ठोकळ्याचं पाणी काढायची, तपासायची, नवं घालायची. अकरा वेळा बदललं. अकराही वेळा विष उतरलं. आधी जास्त, मग कमी कमी. पण थांबलं नाही.

यमुनाबाई : शेवटच्या पाण्यातही?

अक्षया : शेवटच्याही, आई. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या चौपट.

भागोजी : तुझा डबा देवीपेक्षा मोठा काय गो? मी स्वतः गाऱ्हाणं घालून कौल लावला. उजवा दिलान देवीने, म्हणजे होकारच.

अक्षया : गाऱ्हाण्यात काय विचारलंत?

भागोजी : काय विचारणार? आई, हे ठोकळे टिकतील काय?

अक्षया : मग देवीने खरंच सांगितलं. टिकतील. कारखान्यानेही यंत्रात दाबून तेवढंच बघितलंय. पाण्यात काय उतरेल, हे त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

भागोजी : गावच्या सभेत शब्द दिलाय मी. लोक म्हणतील, भागोजीला सुनेने गप्प बसवलान.

यमुनाबाई : म्हणूं देत. चार दिवस हसतील नि भात लावायला जातील.

भागोजी : तू गप गो. सकाळी परत कौल लावतो, पाण्याचं विचारून. आणि उजवाच लागला तर?

अक्षया : तरी सही नाही. का नाही, ते देवीपुढे उभी राहून मीच सांगेन.

भागोजी : तुझ्या सहीवाचून ट्रक अडत नाही. माणसं सांगून ठेवलीत मी.

यमुनाबाई : येऊं दे ट्रक. माझं देवाचं पाणी भरून होईस्तोवर विहिरीच्या वाटेवर दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचं नाही. तुमच्याच आईने घातलेली रीत आहे.

भागोजी : मग भर लवकर नि मोकळी हो. किती कळश्या भरायच्यात?

यमुनाबाई : ते अजून ठरवलं नाही.