रजिस्टरवरचं नाव

नाही, बसा भावजी. एडिनबरोहून एवढे ग्लासगोला आलात, मित्राची बाजू मांडायला — मांडा. पण ‘किरकोळ चूक’ म्हणू नका. इथे स्कॉटलंडमध्ये टीचर्सच्या रजिस्टरवर नाव नसेल तर वर्गात पाऊल टाकता येत नाही. माझं पुण्याचं बी.एड. कुणी विचारात घेतलं नाही, पुन्हा कॉलेजात गेले, मग दोन वर्षं प्रोबेशन — कालच्या पोरी मागच्या बाकावर बसून माझे उच्चार तपासायच्या! — तेव्हा कुठे नाव पक्कं झालं. फी दरवर्षी पगारातून आपोआप कापली जायची, बघावंच लागायचं नाही.

मग तिकडे भारतात सासूबाईंना पॅरालिसिस झाला. कोण जाणार? सून. मी बिनपगारी रजा घेतली. पगार नाही म्हणजे फी आपली आपण भरायची. आमच्या घरी टपाल, बिलं सगळं शशिकांत बघतात, लग्नापासून. आम्ही दोघं निघताना यांना विचारलं, माझ्या फीचं काय? म्हणे, बघतो. आणि काय बघितलं? घर बंद करताना दूध बंद केलं, पेपर बंद केला, तशी माझी फीपण बंद! शिकवत नाही तर फी कशाला? — नाही हो, हे विसरले नव्हते. विसरले असते तर गिळलं असतं मी. तीन आठवड्यांत हे परत आले, दूध चालू, पेपर चालू, आणि स्वतःच्या इंजिनिअर लोकांच्या मेंबरशिपला तर हातही लावला नव्हता! मी तिकडे वर्षभर यांच्या आईची कूस बदलत होते.

आता सोमवारी शाळा उघडतेय. हेडनं बोलावून सांगितलं, रजिस्टरवर नाव नाही, वर्ग देता येत नाही. माझी फिजिक्सची मुलं दुसऱ्याला दिली. — केलाय, पुन्हा अर्ज केलाय, महिने लागतील. आणि हे जेवताना हसून म्हणतात, बरं झालं, जरा विश्रांती घे. तो भिंतीवरचा डाग बघताय ना? आमटीचा आहे. वाटी मीच फेकली. — ते जाऊ दे, ते सांगायचं नव्हतं.

काय? सुप्रभावन्सं? त्यांचं ऑपरेशन? पुढच्या महिन्यात, नागपूरला... बरं. मग?

अच्छा. वहिनी सध्या मोकळ्याच आहेत, असं यांनी सांगून पाठवलंय तुम्हाला?

वर बघा ना, भावजी.

चहा राहू द्या. कोट दाराशी आहे तुमचा.