चार इंच सैल होणारा झगा

मला सगळे शिलाईकाकू म्हणतात. वय सत्तेचाळीस, धंदा शिवणकाम, राहणार लॉन्ड्रीच्या वरचा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या हौशी नाटक मंडळाने परीकथेचं नाटक बसवलं आहे. राजकन्या आलटून पालटून दोघी करणार होत्या. पहिला प्रयोग माझ्या पुतणीचा, दुसरा माझ्या मुलीचा. दीर-जाऊ गेल्यापासून पुतणी आमच्याकडे असते, त्याला नऊ वर्षं झाली. तिचा आवाज बरा म्हणून दिग्दर्शकांनी पहिला मान तिला दिला. मला ते सहन झालं नाही आणि मी ते लपवलंही नाही.

कापड एकाच झग्यापुरतं होतं. माझी मुलगी काडीपैलवान, पुतणी अंगाने भरलेली. म्हणून मी पाठ उघडी ठेवली, दोन्ही काठांना चौदा-चौदा पितळी रिंगा ठोकल्या आणि बुटाला असते तशी नाडी ओवली. ओढली की मुलीला बसतो, सोडली की चार इंच सैल होऊन पुतणीला. असं काम करणारी दुसरी कोणी असेल तर माझ्यापुढे उभी करा.

काल साडेपाचला मेकअपच्या खोलीत मी पुतणीला झगा चढवला. नाडी मुलीच्या मापापर्यंत ओढली. ती म्हणाली, "काकू, श्वास घेता येत नाहीये गं. थोडी सैल कर ना."

मी म्हणाले, "नऊ वर्षं आमच्याकडे जेवलीस ना, ते आत ओढ." दोघीतिघी हसल्या. मुलगी म्हणाली, "आई, पुरे." नाडी सुटून फजिती नको म्हणून गाठीवर दुहेरी दोऱ्याचे टाके घातले.

सहा वीसला, दुसऱ्या गाण्यात, ती मध्येच गप्प झाली आणि खाली कोसळली. लोकांना नाटकातलंच वाटलं, टाळ्या पडल्या. पडदा पाडला तेव्हा तिचे ओठ निळे होते. गाठ कोणालाच सुटेना. शेवटी दिवेवाल्याने वायर कापायच्या चाकूने झगा मानेपासून कमरेपर्यंत फाडला. या नुकसानीबद्दल माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे.

पुतणी इस्पितळात आहे. अजून शुद्धीवर आलेली नाही.

विचारल्यावरून सांगते की, टाके उसवायची कात्री माझ्या कमरेला बांधलेली असते. कालही होती. मुलगी ओरडली, "आई, कात्री दे!" मी म्हणाले, "हात लावू नकोस, परवा तुला घालायचाय." किती मिनिटं गेली ते सांगता येत नाही. झग्याचा घेर कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मी तो उचलून धरला होता.

मुलीचा प्रयोग उद्या पाचला आहे. झगा घालणार नाही म्हणते. घालेल. पाठ नव्याने शिवायला एक दिवस लागतो, तेव्हा झगा आजच परत मिळावा.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. फक्त रिंगा तेरा-तेरा लिहिल्या होत्या, त्या चौदा करून घेतल्या.