जोशीकाकांची दोनशे काडतुसं

खांदा कशानं धरलाय म्हणता? दोनशे काडतुसं एकेक ठोकून उघडलीत, आणि ती भरलीही आम्हीच होती.

ऑइलमधली माझी नोकरी गेली, तो विंटर. आमचे जोशीकाका कॅल्गरीतले रिटायर्ड इंजिनियर. त्यांच्या बेसमेंटमध्ये बसून आम्ही काकांच्या जुन्या रायफलची काडतुसं हातानं भरली, दारू काट्यावर तोलून. "लांब, जड गोळीच घे," काका म्हणाले, "वाऱ्यात ढळत नाही."

बर्फ वितळल्यावर माझ्या ओळखीच्या वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर गेलो. गोफरच्या, म्हणजे जमीन पोखरणाऱ्या खारीच्या, बिळात पाय जाऊन त्याची घोडी लंगडी झाली होती, म्हणून गोफर मारायला त्यानंच बोलावलं होतं. आधी कागदावर नेम धरला. भोकं गोल पडेनात, लांबुळकी पडली. गोळी आडवी होऊन कागदात शिरत होती.

"वारा आहे," काका म्हणाले. गवताचं पातंही हलत नव्हतं.

वॉल्टरनं सफाईच्या सळईला चिंधी गुंडाळली, ती नळीत ढकलली आणि आतल्या पिळदार खाचांतून सळईला एक पूर्ण फेरा फिरायला किती लांबी लागते ते मोजलं.

"चौदा इंच. एवढ्या सैल पिळात लांब गोळी नीट फिरत नाही. हिला आखूड, हलकी गोळी लागते. बॅरल चेक नाही केलं?"

काका काडतुसांचा डबा बंद करू लागले.

"रिटायर कशातून झालात?"

"पाइपलाइन इन्स्पेक्शन," मीच सांगितलं.

"बाहेरून?"

काका सळईकडे बघत म्हणाले, "आतून."