बॉनेटखालच्या शेंगा

आमच्या बरखेड्यात, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, कुणाची गाडी वाजायला लागली, की मेकॅनिकच्या आधी शेजारीच इंजिनला कान लावतात. कारखान्यात नोकरी करून सगळ्यांना ही खोडच लागलीय. माझी गाडी खडखडायला लागली, तेव्हा शेजारच्या तिवारीजींनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाशी धरली आणि सांगितलं, "बेयरिंग गया."

मला काही पटेना. आवाज वरच्या पत्र्यातून येत होता. इंजिनची धग अडवायला लावतात ना, तो पत्रा. इंजिन गार झाल्यावर मी तो सोडवला, तर खालून भुईमुगाच्या शेंगा घरंगळल्या. उंदराने साठवल्या होत्या.

आता गंमत ऐका. गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा रोज कमी होतात म्हणून बायकोचा संशय माझ्यावर होता. मी तो पत्रा शेंगांसकट तिच्यासमोर नेऊन ठेवला. म्हटलं, "बघ, चोर कोण ते."

तिने एक शेंग फोडली, दाणा हुंगला. "चांगला खमंग भाजलाय की," ती म्हणाली. "म्हणजे चोरायचा उंदीर, आणि रोज ऑफिसला जाता-येता भाजून द्यायचे तुम्ही."