पूजेत ठेवलेली डिस्क

निपाणी स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघताना माझ्यामागं मावशी-भाचा भांडत होते.

"कॉम्प्युटरची डिस्क काढलीस ती कुणाला इचारून, मावशी?"

"खंडेनवमी व्हती. मागाची पूजा केली, तशी तिचीबी केली."

"पाणी शिंपडलंस तिच्यावर! साड्यांच्या नक्ष्यांचा सगळा डेटाबेस त्या डिस्कवर हलवला व्हता मी. जुन्या जागी नुसती लिंक ठेवलीया, तिकडं बोट दाखवणारी. आता डिस्कच मेली, तर ते बोट काय चाटायचं?"

"वरडू नगंस. नक्ष्या माझ्याच हातच्या हायत. कपाटातले ग्राफचे कागद काढ आन् परत भर."

"कंचे कागद?"

"तीस वर्सांचे. माझे."

"ते... डेटाबेस झाल्यावर रद्दीत घातले."

"कुणाला इचारून, निशांत?"