अकरा नादुरुस्त डब्या

चांगल्या आहेत हो, सगळ्या चांगल्या आहेत – चिठ्ठीवर 'नादुरुस्त' लिहिलंय म्हणून असं बघू नका, चिठ्ठी डबीवर आहे, डबीच्या आत काही बिघडलेलं नाही. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, इकडे या. मोठ्या सरांनीच पाठवलंय ना तुम्हाला? कागद बघू – उपक्रमाचा दुसरा टप्पा, अकरा डब्या, क्रमांक तीस ते चाळीस – हं, हेच क्रमांक. म्हणजे ज्या माणसानं ह्या अकरा डब्या बाद केल्या त्यालाच त्या आता परत हव्यात, आणि वर काय लिहिलंय बघा, 'सुस्थितीतील उपकरणे'. किळस येते. राग नाही येत, रागाला अंगात जोर लागतो, तो संपला – नुसती किळस येते, घासात केस लागल्यासारखी. काय झालं म्हणून विचारताय? नवीन आहात, कुणीतरी सांगायलाच पाहिजे. मला ह्यांचे सेल बदलायला अर्धा तास लागेल, तोवर ऐका.

मास्तरीण म्हणून एक मुलगी होती. मुलगी कसली, तेहेतिशीची बाई – आठ वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मग डॉक्टरेट करायला आलेली, म्हणून मास्तरीण. तीन देश, तीन विद्यापीठं, सहा विद्यार्थी, आणि विषय काय, तर शहर किती तापतं, कुठं तापतं आणि कुणाच्या डोक्यावर तापतं. बाकीचे चौघे आपापल्या देशात संगणकापुढं बसून होते. इथं प्रत्यक्ष आला तो एकच, थंड मुलखातला, एवढा उंच की ह्या दारातून वाकून यायचा – त्याला आम्ही ताडमाड म्हणायचो. त्याला अर्थ सांगितला तेव्हा हसला, आणि पुढच्या वेळी स्वतःच दार वाजवून म्हणाला, ताडमाड आलाय. तर हे दोघं ह्या डब्या घेऊन कारखान्यामागच्या वस्तीत गेले. चाळीस घरं, प्रत्येक घरात एक डबी, छतापासून हातभर खाली टांगलेली. दर दहा मिनिटांनी आतलं तापमान नोंदत बसते बिचारी, दुसरं काही नाही. आणि मास्तरणीनं प्रत्येक दारात उभं राहून शब्द दिला – तुमच्या घराचा आकडा आधी तुम्हाला सांगू, मग जगाला. शाळेत शिकवलेली बाई, शब्द दिला की दिला.

वस्ती चढावर आहे. खालच्या घरांना निदान सिमेंटचं छत, वरच्या रांगेत अकरा खोल्या, सगळ्या नव्या पत्र्याच्या, चकचकीत. शेवटच्या खोलीत एक म्हातारा गवंडी आणि त्याची बायको. गवंडीबाबांनी ह्या विद्यापीठाच्या निम्म्या भिंती लिंपल्यात, आणि स्वतः राहायचे पत्र्याखाली. डबीला ते पाहुणा म्हणायचे. दर आठवड्याला मास्तरीण गेली की सांगायचे – तुमचा पाहुणा मजेत आहे, खात नाही, पीत नाही, नुसता वरून बघत बसतो. एकदा दुपारी ताडमाड त्या खोलीत डबी काढायला स्टुलावर चढला आणि तसाच खाली आला – घेरी. आजींनी ओलं लुगडं अंगावर टाकून त्याला जमिनीवर झोपवला, तास झाला तरी उठू दिलं नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल? तुम्ही इथं रोज दुपारी असता का? आजी म्हणाल्या, मग कुठं असू?

तर आकडे आले. खालची एकोणतीस घरं ठीक, अंदाजाप्रमाणं. वरच्या अकरा खोल्या अंदाजापेक्षा सहा-सात अंशांनी जास्त. एका दिवशी नाही, रोज. आणि तिकडच्या संगणकानं उपग्रहाच्या चित्रांवरून जो नकाशा काढला होता त्यात वरची रांग गार. हो, गार. मास्तरणीनं आठ दिवस डोकं घालून कारण शोधलं – नवा चकचकीत पत्रा उपग्रहाला फसवतो, वरून थंड दिसतो आणि खाली माणूस भाजतो. साधी गोष्ट. पण ती मान्य करायची म्हणजे नकाशा चुकला म्हणायचं, आणि तो नकाशा सरांचा, त्यावर सरांची सहा वर्षं, त्यावर तिन्ही विद्यापीठांची नावं, आणि महिन्याभरात नगरपालिका तोच नकाशा बघून ठरवणार होती की सावलीची, पांढऱ्या छतांची, थंड निवाऱ्याची कामं कुठं करायची. सर मास्तरणीला म्हणाले, आकडे नकाशाशी जुळत नसतील तर यंत्रं तपासा. ती म्हणाली, यंत्रं तपासली, आता नकाशा तपासू. सर हसले म्हणे – ते हसणं मला माहीत आहे, ओठ हसतात, डोळे घड्याळात. मग यंत्रशाळेचा दाखला निघाला, क्रमांक तीस ते चाळीस नादुरुस्त, सबब ह्या नोंदी वगळण्यात येत आहेत. वगळल्या. वरची रांग नकाशात पिवळीच राहिली, लाल व्हायची ती पिवळी, आणि पांढरी छतं गेली नदीकाठच्या रुंद रस्त्यावर, जिथं आधीच दुतर्फा झाडं आहेत. लोक सकाळी पळायला जातात तिथं.

यंत्रशाळा म्हणजे? यंत्रशाळा म्हणजे – ही खोली. पुढं ऐका.

दुसऱ्या उन्हाळ्यात गवंडीबाबा गेले. दुपारी. आजी पाण्याच्या रांगेत होत्या, परत आल्या तर हे भिंतीला टेकून बसलेले, हात गुडघ्यावर, डोळे मिटलेले – त्यांना वाटलं डुलकी लागली. डॉक्टरनं हृदय लिहिलं. वयस्कर माणूस गेला की हृदय लिहितात, ते नेहमी बरोबरच असतं. पाचव्या दिवशी मास्तरीण इथं आली, तुम्ही बसलाय तिथंच बसली, आणि पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. चाळीस नंबर. बाद झालेली, पण तिनं ती त्या खोलीतून काढलीच नव्हती. म्हणाली, उघडून दाखवा. संगणकाला जोडली. त्या दिवसाची रेघ चढत चढत गेली – तीन वाजून दहा मिनिटांनी सत्तेचाळीस पूर्णांक तीन. घराच्या आत. तिनं रेघेच्या त्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, ही डबी नादुरुस्त आहे का? मी म्हटलं, पुन्हा बघू. बर्फाच्या पाण्यात घातली, शून्य दाखवलं. कोमट पाण्यात घातली, मोठ्या तापमापकाशी पाव अंशाचाही फरक नाही. ती म्हणाली, मग दाखल्यावर तुमची सही कशी?

हो, माझी. मघाशी तुम्ही विचारलंत आणि मी पुढं गेलो. आता विचारलंच आहे तर – सर ह्या खोलीत आले होते, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्या हलत्या पायाच्या स्टुलावर बसले, माझ्या हातचा चहा प्यायले, म्हणाले, तुमच्यासारखा हात ह्या विद्यापीठात दुसऱ्याचा नाही, तिकडच्या प्रयोगशाळेत तीन आठवड्यांसाठी एक माणूस पाठवायचाय, शिकायला, मी तुमचं नाव सुचवतोय. आणि जाता जाता तो कागद पुढं केला. मी वाचला. वाचला नाही असं नाही. म्हटलं, सर, डब्या तर ठीक आहेत. ते म्हणाले, ठीक असतीलही, पण शंका आहे ना, शंका असली की बाद, विज्ञानात असंच असतं. आता सव्वीस वर्षं विज्ञानाची भांडी धुतोय मी, मला हे कळत नाही का? कळलं. सही केली. आणि गेलो हो तिकडे, तीन आठवडे, विमानात खिडकीची जागा मिळाली, बायकोनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले, मेव्हण्यानं हार आणला. ताडमाडच्याच विद्यापीठात होतो. तो तेव्हा इथंच होता, वस्तीत, डब्यांच्या नोंदी उतरवत. त्याच्या आईनं मला जेवायला बोलावलं, म्हणाली, माझा मुलगा म्हणतो तुम्ही फार प्रामाणिक माणूस आहात. मी तिच्याकडे दोनदा वाढून घेतलं.

काय तोंड केलंत तुम्ही. करा, मला सवय आहे, रोज आरशात बघतो.

मास्तरीण रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, आत्ता जे पाण्यात बघितलंत तेवढंच लिहून द्या. मी म्हटलं, उद्या लिहितो. ती म्हणाली, बरं, उद्या येते. आली. मी रजा टाकली होती.

मग ती परिषद. तुम्ही नव्हतात तेव्हा, बरं झालं. उष्णतेवरची परिषद आणि सभागृह एवढं गार की पाहुणे कोट घालून बसलेले, आमच्या शिपायाला सर्दी झाली. तिन्ही विद्यापीठांचे झेंडे, सरांना लोकसहभागाचा पुरस्कार – लोकसहभाग, बरं का – आणि दारातच माणसाच्या उंचीचं एक चित्र उभं केलेलं. कुणाचं? गवंडीबाबांचं. पत्र्यावर ओलं पोतं टाकताना, ताडमाडनं कधीतरी काढलेला फोटो. खाली छापलेलं, उन्हाशी झुंजणारा नागरिक. न विचारता. मरून सात महिने झालेल्या माणसाला झुंजायला उभा केला होता, जेवणाच्या टेबलाशेजारी, आणि लोक हातात बशा घेऊन त्याच्यापुढं गप्पा मारत होते. एकानं तर रिकामी बशी त्याच्या पायाशी ठेवली. मी पण जेवत होतो.

मास्तरीण आजींना घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं. आजी चित्रापुढं उभ्या राहिल्या, पदरानं ती बशी उचलून बाजूला ठेवली. सर लगबगीनं आले, हात जोडले, म्हणाले, ह्यांचं योगदान फार मोठं आहे. आजींनी चित्राकडे बघितलं, वरच्या थंड हवेच्या जाळीकडे बघितलं, आणि अगदी सहज म्हणाल्या, "इथं आणून उभं केलंत ते बरं केलंत. इथं गार आहे."

टोमणा नव्हता हो त्यात. तेच तर. टोमणा असता तर सरांनी झेलला असता.

त्याच दुपारी मास्तरणीनं व्यासपीठावर जाऊन सांगितलं की ह्या नकाशावरच्या शोधनिबंधावरून माझं नाव काढा, आणि कारण सांगितलं, पाच वाक्यांत, वर्गात सांगावं तसं. तिच्यामागं ताडमाड उठला, म्हणाला, माझंही. बाकीचे चौघे पडद्यावर होते, आपापल्या देशातून – एकेकानं आपापला चेहरा बंद केला. तीन वर्षांचं काम दोघांनी सोडून दिलं. ती परत शाळेत शिकवते. तो त्याच्या गावी गेला, पण जायच्या आधी महिनाभर थांबला. दोघं चाळीस दारं फिरले, प्रत्येक घराला त्याचा आकडा कागदावर लिहून दिला, वरच्या रांगेलाही. आणि मग त्या रांगेनं पालिकेची वाट बघितली नाही – चुना कालवला आणि अकराही पत्रे पांढरे केले. कालवायचा कसा ते आजींनी दाखवलं, गवंड्याची बायको ती. मास्तरीण म्हणते, चार अंश उतरले. कशानं मोजले कोण जाणे, डब्या तर माझ्याकडे होत्या.

आता उपग्रहातून ते पांढरे पत्रे दिसतात, म्हणून दुसरा टप्पा. 'आमच्या उपक्रमामुळे वस्तीत झालेला बदल.' कळलं का, तुम्हाला कशाला पाठवलंय ते?

हो, पाण्यात बघितलेलं सगळं मी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, ती गेल्यावर, तारीख-वेळेसकट, माझ्या वहीत. उरलेल्या दहाही तेव्हाच पाण्यात घालून बघितल्या, म्हणजे सगळ्या अकरा डब्यांचं. तिला नाही दिलं, पण लिहिलं, तेवढं तरी –

काय? नाही. फोटो नाही काढायचा. कुठली वही? मी वही म्हणालो का? टिपणं असतात हो, जुनी, टाकून दिली असतील. फोन आत ठेवा. मला अजून सात महिने इथं नोकरी करायचीय, सात महिने, मग निवृत्ती, मग काय विचारायचं ते विचारा. पुढच्या वर्षी या. ह्या घ्या डब्या, सेल घातलेत, मोजून घ्या. इथं सही. नाही, मी नाही करत, तुम्हीच करा.

आणि जाताना दार लावून घ्या.